उपाध्यक्षांचा आवाज आणि वरची खोली

आमच्या नगरपालिकेच्या उपाध्यक्षांना लोक तोंडावर 'साहेब' म्हणतात आणि माघारी 'नगारा'. त्यांनी माइकवर नुसतं "बंधूंनो" म्हटलं, तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत घुमतं. त्या आवाजावर ते तीनदा निवडून आले, बांधकाम समिती मिळवली, पुढे उपाध्यक्ष झाले. एरवी बोलताना त्यांचा आवाज अगदी बारीक, पत्र्यावर चमचा घासावा तसा. पण लोक त्याचंही कौतुक करतात. म्हणतात, "बघा, एवढा दणदणीत गळा असून साहेब घरात किती हळू बोलतात! मोठेपणा म्हणतात तो हा."

तो दणदणीत गळा एक तृतीयांश त्यांचा होता. उरलेला माझा.

आमचा माइक-स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा आहे. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या यांची पाठ धरली. हे स्पीकर चढवायचे आणि तिथेच सतरंजीवर आडवे व्हायचे, म्हणून मिक्सरपाशी मी बसायला लागले. मिक्सर म्हणजे ते बटणांचं पाट्यासारखं मशीन, ज्यातून सगळ्या माइकच्या वायरी जातात. त्याच्याबरोबर मिळालेलं पुस्तक मला न येणाऱ्या तीन भाषांत होतं, त्यामुळे मी सगळं कानानेच शिकले. ज्याच्या आवाजाला जी जागा मानवेल, तिथे बटणाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवायचा. ग्रंथपालांचा गुलाबी, नगराध्यक्षांचा केशरी, उपाध्यक्षांचा मरून.

त्यांची पहिली सभा मला अजून आठवते. बिचारे उभे राहिले, बोलायला लागले आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. एकाने तर "कुणाचं पोर हरवलंय?" असं ओरडून विचारलं. मला कणव आली. शिवाय लोक आमच्या स्पीकरला नावं ठेवणार होते, तीही भीती होतीच. मी वरचा कर्कशपणा उतरवला, खालचा घुमारा चढवला आणि चिमूटभर एको टाकला. चौथ्या वाक्याला सभा गप्प. भाषण संपल्यावर ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, लोकांसमोर उभं राहिलं की माझ्या आत काहीतरी उघडतं."

मी म्हटलं, "हो ना."

काय सांगणार? मरून बाटली तेव्हा माझ्या पदराखाली होती.

तेव्हापासून माझंही गावात वजन वाढलं. नेमकं काय करते ते कुणाला ठाऊक नाही, पण वहिनी बसल्या असल्या की कार्यक्रम रंगतो एवढं सगळ्यांना कळलं. आमच्या गावात कवी फार. ते येऊन हळूच सांगतात, "वहिनी, शेवटच्या ओळीला जरा घुमवा." मी म्हणते, "तुमची प्रत्येकच ओळ शेवटची वाटते हो, नेमकी कुठे घुमवू?" निवडणूक आली की दोन्हीकडचे उमेदवार दारात. माझा नियम एकच: कुणाचा आवाज मी बरा करीन, बिघडवणार कुणाचाही नाही.

हा नियम मोडायची पाळी आली ती जाऊबाईंमुळे.

थोरले दीर गेल्यापासून जाऊबाई आमच्यातच राहतात. त्या गाणं शिकवतात. पालिकेच्या सभागृहाच्या वर एक लांबट खोली आहे, तिथे त्यांचा वर्ग बावीस वर्षं भरतो. एकतीस विद्यार्थी, सगळ्यात लहान सात वर्षांची, सगळ्यात मोठ्या बहात्तर वर्षांच्या निवृत्त तिकीट तपासनीस. त्यांना वर्गात सगळे 'तिकीटबाई' म्हणतात. जाऊबाईंकडे वाद्य नाही. त्या स्वतः सूर लावतात आणि तो हलत नाही. पहिले चाळीस दिवस त्या कुणाला गाऊ देत नाहीत. चटईवर उताणं झोपायचं, पोटावर जाड पुस्तक ठेवायचं आणि श्वासाने ते पुस्तक वरखाली करायचं. मग तोंड मिटून हुंकार. सकाळी सातला दार बंद. सात वाजून एक मिनिटाने आलेला बाहेरच्या बाकावर बसून ऐकतो, मग तो कुणीही असो.

ती खोली पालिका त्यांना दर तीन वर्षांनी ठराव करून देते. या वेळी ठरावाऐवजी पत्र आलं. वरच्या खोलीत 'आरोग्य केंद्र' काढण्याचा प्रस्ताव असून महिनाअखेरच्या सभेत त्यावर निर्णय होईल. आरोग्य केंद्र म्हणजे व्यायामाची यंत्रं. चालवणार उपाध्यक्षांचा मेहुणा. प्रस्ताव मांडणार खुद्द उपाध्यक्ष.

जाऊबाईंनी पत्र दोनदा वाचलं, चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं आणि म्हणाल्या, "एकतीस जणांना आपल्या पुढच्या खोलीत बसवता येईल का गं?"

"उभं केलं तरी नऊ मावतील. आणि दहाव्याला कपाटात ठेवावं लागेल."

त्या हसल्या. पण त्या दिवशी त्यांनी संध्याकाळचा रियाज केला नाही. बावीस वर्षांत मी पहिल्यांदा आमचं घर इतकं गप्प ऐकलं.

मी तडक उपाध्यक्षांकडे गेले. त्यांनी मला उठून खुर्ची दिली.

"वहिनी, तुम्ही तर घरच्या. पण मेहुण्याला शब्द दिलाय. तोही बायकोच्या देखत."

"मग बायकोच्या देखतच परत घ्या."

"तुम्ही आमच्या हिला ओळखत नाही." त्यांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "जाऊबाईंना म्हणावं, दुसरीकडे कुठेतरी बघू. बघूच आपण."

राजकारणातलं 'बघू' म्हणजे काय, ते मी त्यांच्याच पंधरा वर्षांच्या भाषणांतून शिकले होते.

घरी आले तर हे सतरंजीवर पडल्या पडल्या म्हणाले, "त्यात काय एवढं? सभेत प्रस्ताव मांडायला उठेल ना, तेव्हा दे त्याचा आवाज काढून. मूळचा ऐकू दे सगळ्यांना. हसून हसून प्रस्ताव पडेल."

खरं सांगते, मला मोह झाला. दोन दिवस मी वायरी गुंडाळताना मनातल्या मनात ती सभा चालवली. पण ज्याला मी पहिल्या दिवशी हसण्यातून वाचवलं, त्यालाच आता हसण्यात ढकलायचं म्हणजे काहीतरीच. जाऊबाईंना कळलं असतं तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

आणि मग मला काही करावंच लागलं नाही. उपाध्यक्षांना मोठ्या शहरातून बोलावणं आलं. पक्षाची विभागीय बैठक, वरचे सगळे नेते हजर, पुढच्या मोठ्या निवडणुकीसाठी माणसं हेरणं चालू. गावाबाहेर बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ. नवा कोट शिवून गेले.

चौथ्या दिवशी ते आमच्या गोदामाच्या दारात उभे. गळ्याला मफलर, मफलरवर आणखी एक मफलर.

"वहिनी, माझा घसा गेला."

"काय झालं?"

"तिथे उभा राहिलो, 'बंधूंनो' म्हटलं, आणि..." त्यांनी मफलर आणखी आवळला. "पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ नेते शेजारच्याला म्हणाले, मूळ वक्ते कधी येणार? दोन डॉक्टर झाले. दोघं म्हणतात, घसा ठणठणीत आहे. मला एकदा तुमच्या माइकवर बोलून बघायचंय."

यांनी माइक लावून दिला. मी मरून ठिपक्यांवर बटणं आणली.

"बंधूंनो," उपाध्यक्ष म्हणाले. गोदामाचा पत्रा थरथरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरा झालो! वहिनी, बरा झालो मी!"

इथे मी गप्प बसले असते तर कदाचित बरं झालं असतं. पण त्यांनी तो मफलर काढला आणि इतक्या विश्वासाने माझ्याकडे पाहिलं की माझ्याच्याने राहवेना. त्यांच्या माइकची वायर काढून मी शेजारच्या भोकात घातली. तिथली बटणं सगळी सरळ, ना चढ ना उतार.

"आता बोला."

"बंधूंनो." पत्र्यावर चमचा.

वायर परत जागेवर. "बंधूंनो." नगारा.

पुन्हा शेजारी. चमचा.

चौथ्यांदा त्यांनी माइक तोंडाशी नेला आणि खाली घेतला. माइक हळूच यांच्या हातात दिला. मग ते आमच्या सगळ्यात मोठ्या स्पीकरवर जाऊन बसले.

"कधीपासून?"

"पहिल्या सभेपासून."

"म्हणजे ते जे आत उघडायचं..."

"ते उघडत असेलही," मी म्हटलं. "पण त्याला ऐकू येण्यासारखं मी करत होते."

हे मध्येच सतरंजीवरून म्हणाले, "साहेब, मनाला लावून घेऊ नका. हिने माझंही असंच केलंय. लोकांना वाटतं धंदा मीच चालवतो."

उपाध्यक्ष कसंबसं हसले. मग माणूस हाडाचा राजकारणी, लगेच उपायावर आला. "वहिनी, दोन महिन्यांनी पुन्हा संधी आहे. तुम्ही चला बरोबर. मशीन घेऊन चला. जिथे मी, तिथे तुम्ही."

"तिथला साउंडवाला मला मशीनला हात लावू देईल? मी माझ्या मशीनला कुणाला लावू देत नाही."

"मग मी काय करू?"

"शिका."

"कुणाकडे?" असं म्हणता म्हणताच त्यांना उत्तर कळलं. चेहरा बघण्यासारखा झाला. "त्या मला शिकवतील?"

"ते त्यांना विचारा. त्यांच्या वतीने मी बोलत नाही."

पण मनातून मी उड्या मारत होते. आता हा गरजू, आणि खोली ज्याच्या हातात तोही हाच. जाऊबाईंनी एवढंच म्हणायचं होतं की आधी ठराव, मग आवाज. त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड कान लावून उभी राहिले.

उपाध्यक्षांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. जाऊबाईंनी ऐकून घेतलं.

"माझ्या घरी येऊन शिकवाल का?" उपाध्यक्षांनी विचारलं. "म्हणजे, बोभाटा नको."

"घरी जाऊन मी फक्त आजारी माणसाला भेटते. वर्गात या. सातला. चटई आपली आपण आणायची."

"आणि... अट काही?"

"आहे ना. सातला म्हणजे सातला."

झालं. एवढंच. ते गेल्यावर मी बाहेर आले ती तणतणतच. "जाऊबाई! खोलीचं का नाही बोललात? आयता चालून आला होता!"

"शिकायला आला होता," त्या म्हणाल्या.

"तोच तुम्हाला बाहेर काढतोय!"

"महिनाअखेरीला काढेल. तोवर तेवीस दिवस आहेत. तेवढ्यात त्याचा श्वास पोटात उतरेल." आणि शांतपणे भाजी निवडायला बसल्या. मला त्या पालेभाजीचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी उपाध्यक्ष सात वाजून चार मिनिटांनी पोहोचले आणि बाकावर बसले. तिसऱ्या दिवसापासून पावणेसातला जिन्यात असायचे. मी जिन्याखाली आमच्या पेट्या ठेवते, त्यामुळे कामाच्या निमित्ताने वर डोकावणं सोपं. एका रांगेत एकतीस चटया, बत्तिसावी त्यांची. पोटावर पालिकेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक. शेजारी तिकीटबाई.

"अहो साहेब, पुस्तक हलत नाहीये."

"हलतंय की."

"ते तुम्ही हाताने हलवताय. मी चाळीस वर्षं विनातिकीट माणसं पकडलीयेत, मला शिकवू नका."

दहाव्या दिवशी पुस्तक आपोआप हलायला लागलं. पंधराव्या दिवशी हुंकार सुरू झाला. सुरुवातीला तो बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखा होता. मग भुंगा बाटलीतून बाहेर आला. 'नगारा' मात्र कुठेच नव्हता. मला थोडं वाईट वाटलं, तो माझा होता ना.

अठराव्या दिवशी मेहुणा खोली मोजायला आला. हातात टेप, बरोबर यंत्रांचं रंगीत पत्रक. तो दारातच थबकला. बहिणीचा नवरा, पालिकेचा उपाध्यक्ष, जमिनीवर उताणा, पोटावर पुस्तक, डोळे मिटलेले आणि तोंडातून 'म्ऽऽऽ'.

"दाजी?"

दाजींनी एक डोळा उघडला. आता काय बोलणार? "मोज," ते म्हणाले. "माझ्या कडेकडेने मोज."

"पायातलं बाहेर काढा," जाऊबाई म्हणाल्या, "आणि मोजून होईपर्यंत सूर मोडू नका."

मेहुण्याने बूट काढले. चवड्यांवर चालत एकतीस चटयांमधून टेप टाकली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोहोचेस्तोवर तोही श्वास धरून चालत होता, कारण सगळी खोली एका सुरात होती आणि त्यात पाऊल वाजवायची कुणाची छाती होईना. जिना उतरताना माझ्याशी बोलला. "वहिनी, दाजींना काय झालंय?"

"शिकतायत."

"मग माझी यंत्रं?"

"ते त्यांना विचारा." हे वाक्य आता मला चांगलंच जमायला लागलं होतं.

महिनाअखेरची सभा दुपारी चारला. सभागृहात माइक लावायचं काम आमचंच. साडेतीनला उपाध्यक्ष माझ्या टेबलापाशी आले.

"वहिनी, आज काही करू नका."

"म्हणजे?"

"सरळ ठेवा. शेजारच्या भोकात."

"लोक हसतील."

"बघू," ते म्हणाले. या 'बघू'चा अर्थ मला लागला नाही. मी वायर शेजारच्या भोकात घातली आणि हात मांडीवर घेऊन बसले. पंधरा वर्षांत माझे हात त्यांच्या भाषणात कधी मांडीवर नव्हते. काय करावं ते हातांना कळेना, पदराशी चाळा करत राहिले.

विषय नववा, वरची खोली. जाऊबाई सभेला आल्याच नव्हत्या. वर त्यांचा दुपारचा वर्ग होता. उपाध्यक्ष उठले.

"अध्यक्षमहोदय."

नगारा नाही. चमचाही नाही. पन्नाशीच्या साध्या माणसाचा आवाज, जरा थकलेला, पण जमिनीवर पाय रोवून उभा असलेला. माना वर झाल्या. कुणीतरी माझ्याकडे वळून 'बिघडलं का?' अशी खूण केली. मी नाही म्हणून मान हलवली.

"हा प्रस्ताव मी मांडणार होतो," ते म्हणाले. "पण त्या खोलीत माझा स्वार्थ आहे."

समोरच्या बाकावरच्या वकीलबाई, विरोधकांच्या पुढारी, चटकन उठल्या. "तुमच्या मेहुण्याचा आहे, ते गावाला माहीत आहे."

"तो आहेच. तो आधीच सांगायला हवा होता, ते चुकलं. पण आता माझाही आहे. मी तिथे शिकायला जातो."

"काय शिकता?"

मी बघितलं, त्यांनी श्वास पोटात घेतला.

"बोलायला."

सभागृह हसलं. चांगलं खदाखदा हसलं. आणि गंमत म्हणजे तेही हसले, त्या नव्या आवाजात, माइकवर. "तेवीस दिवस झाले. बाई म्हणतात, दोन वर्षं लागतील. आजवर जो ऐकत होता तो आवाज साउंडवाल्या वहिनींचा. त्यांना मत द्यायचं राहून गेलं तुमचं." सगळे माझ्याकडे वळले. मी मिक्सरमागे इतकी खाली गेले की नुसता अंबाडा दिसत असेल. "तर नियम असा, की ज्याचा स्वार्थ आहे त्याने मत देऊ नये, बाहेर बसावं. नियमांचं पुस्तक सध्या रोज माझ्या पोटावर असतं, म्हणून लक्षात आहे." आणि ते खरंच बाहेर गेले.

आता जे झालं ते समजायला एक गोष्ट माहीत हवी. उपाध्यक्षांच्या बाजूचे अकरा सदस्य. ते पंधरा वर्षं विषय ऐकत नव्हते, उपाध्यक्षांचा हात बघत होते. त्यांचा हात वर गेला की अकरा हात वर. आज त्यांची जागा रिकामी. अकरा जण तिच्याकडे बघतायत. कुणी घसा खाकरतोय, कुणी शेजाऱ्याकडे, शेजारी छताकडे.

नगराध्यक्ष म्हणाले, "प्रस्ताव मांडलाच गेला नाही, तेव्हा गायनवर्गाची मुदत तीन वर्षांनी वाढवावी. अनुकूल?"

वकीलबाईंच्या बाजूचे आठ हात लगेच वर आले. इकडे सामसूम. आणि त्याच वेळी अकरांतले सगळ्यात ज्येष्ठ सदस्य, उकाड्याने घामाघूम झालेले, त्यांनी शिपायाला पंखा लावायला सांगण्यासाठी हात वर केला.

एक हात दिसला. बास. पाठोपाठ दहा हात उभे. एवढे ताठ की मला पंधरा वर्षांत दिसले नव्हते. सुटकेचा हात असाच असावा.

"एकमताने मंजूर," नगराध्यक्ष म्हणाले. "विषय दहावा."

ज्येष्ठ सदस्यांनी तोंड उघडलं, मागे वळून आपल्या लोकांचे हात पाहिले, आणि मिटलं. सभेनंतर माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "वहिनी, मी पंखा म्हणत होतो हो."

"लागला ना पंखा?"

"लागला."

"मग झालं तर."

मेहुणा मागच्या खुर्चीवर पत्रकाची सुरळी करून बसला होता. मला वाटलं, आता चिडेल. तो म्हणाला, "खरं सांगू? त्या दिवशी मोजलं, तेव्हाच कळलं होतं. यंत्रं दारातून आत गेली नसती. दाजींना सांगायचं धाडस होत नव्हतं." त्याला नंतर बस आगारामागचा रिकामा हॉल मिळाला. दार मोठं आहे.

मी वायरी तशाच टाकून जिना चढले. दार बंद होतं. बाकावर उपाध्यक्ष बसले होते, हातात चटई नसलेले, आत चाललेलं ऐकत.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"एकमताने."

"एकमताने?" त्यांचे डोळे विस्फारले. "मी नसताना?"

"तुम्ही नसताना." त्यांना हे आवडलं की नाही, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

वर्ग सुटला. तिकीटबाईंनी मला धरून गिरकी मारली. जाऊबाई सावकाश बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं: स्वार्थ, हसू, रिकामी जागा, पंखा. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकवला आणि थोडा वेळ तिथेच ठेवला. मग पदराने डोळे टिपले, चष्मा नीट केला आणि बाकाकडे वळल्या. उपाध्यक्ष उभे राहिले.

"हा बोलला, ते पोटातून की गळ्यातून?" जाऊबाईंनी मला विचारलं.

मी प्रामाणिकपणे आठवलं. "पोटातून. फक्त 'स्वार्थ' म्हणताना जरासा गळ्यात गेला."

"जातो," जाऊबाई म्हणाल्या. "अवघड शब्द आहे." आणि त्यांच्याकडे बघून, "उद्या आधी तोच घेऊ. सातला."